जंगलातल्या काडीकचऱ्यापासून बायोचार करायचाय? मग आधी पैसा कुठे सुटतो आणि कुठे अडकतो ते बघा

जंगलातली तोड संपली की सरळसोट ओंडके ट्रकमध्ये बसून जातात आणि मागे उरतात शेंडे, फांद्या, सालपटं, किडकी-वाकडी खोडं, विरळणीत काढलेली मनगटाएवढी झाडं, आणि तिकडे सॉ मिलच्या मागे भुशाचा नि सालीसकट कडेच्या फळ्यांचा ढिगारा. याचं करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं, ढीग लावा आणि पेटवून मोकळे व्हा. याच ढिगाचा बायोचार केला तर पैसे मिळतात असं ऐकून बरेच नवीन लोक यात यायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पैसे मिळतात हे खरं आहे, पण ते भट्टीत मिळत नाहीत, वाहतूक वाचवण्यात आणि योग्य गिऱ्हाईक आधीच धरण्यात मिळतात, आणि नवखा माणूस नेमकी भट्टीच सगळ्यात आधी विकत घेऊन बसतो.

ज्यांना अगदीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाकूड हवा न देता किंवा अगदी मोजकी हवा देऊन ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवलं की आतले वायू उडून जातात आणि कार्बन मागे राहतो, याला पायरोलिसिस म्हणायचं, साध्या भाषेत कोळसा पाडणं. तोच कोळसा जाळला तर इंधन, आणि मातीत, कंपोस्टमध्ये, काँक्रीटमध्ये टाकला तर बायोचार. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, फांदी कुजली किंवा जळली की तो परत हवेत जातो, पण कोळसा झालेला कार्बन मातीत शेकडो वर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तेरा प्रेता नावाची काळी माती आहे, तिथल्या जुन्या वस्त्यांमधल्या लोकांच्या कोळशा-कचऱ्यातून तयार झालेली, तिच्यातला कोळसा शेकडो, काही ठिकाणी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहे. या टिकाऊपणावरच कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड अडकवून ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या पावतीचा, सगळा बाजार उभाय, त्यावर पुढे येतोच.

पायरी १: माल मोजा, आणि सगळा उचलू नका

नजरेने ढीग बघून "शंभर टन तरी असेल" असं म्हणू नका. ढीग पोकळ असतो, आत निम्म्याहून जास्त हवाच असते. एखादी ट्रॉली भरून वजनकाट्यावर नेऊन बघा, अशा किती ट्रॉल्या निघतील ते मोजा, आणि वर्षातले किती महिने माल येतो तेही लिहा, कारण तोडीचा हंगाम तीन महिन्यांचा असेल तर बाकी नऊ महिने भट्टी आणि माणसं काय करणार हा प्रश्न आत्ताच सोडवावा लागतो.

आणि सगळं साफ करून नेऊ नका. पानं, सुया, बारीक डहाळ्या यांच्यातच झाडाची बरीच पोषकद्रव्यं असतात, ती तिथेच राहू द्या, थोडी पडलेली जाड खोडंही राहू द्या कारण बुरशी, भुंगेरे, पक्षी सगळे त्यावरच जगतात. धंद्याच्या दृष्टीनेही हे सोयीचंच आहे, पानांचा कोळसा भुगा होतो आणि त्यात राख जास्त, खरा चांगला माल बोटाएवढ्या ते मनगटाएवढ्या फांद्यांचाच. आणखी एक, रंग दिलेलं, केमिकल मारलेलं, कुंपणाचं किंवा पाडकामातलं लाकूड चुकूनही मिसळू नका, तांबं-क्रोमियम-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर ते जड धातू थेट तुमच्या कोळशात आणि तिथून मातीत जाणार, एका खांबापायी अख्खी बॅच बाद.

मालकी कोणाची हेही लेखी घ्या. आज "घेऊन जा रे बाबा" म्हणणारा माणूस तुम्ही पैसे कमावताय असं दिसलं की दर लावतो.

पायरी २: ओल

सुक्याबरोबर ओलंही जळतं अशी म्हण आहे, भट्टीत मात्र उलटं होतं, ओल्यापायी सुकंही धुमसत बसतं. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मं पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला अडीच मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, ती येते तुमच्याच लाकडातून, म्हणजे ओला माल टाकला की तुम्ही माल जाळून माल वाळवताय, कोळसा कमी, धूर जास्त. त्या धुरात मिथेन असतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटीहून जास्त तापवतो, त्यामुळे कार्बन क्रेडिटवाले ओल्या मालाला नाक मुरडतात ते उगाच नाही.

उपाय फुकटचा आहे, फक्त धीर हवा. फांद्या मोकळ्या, वारं खेळेल अशा रचून एक कोरडा हंगाम पडू द्या, पाऊस येणार असेल तर वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा. ओल २० टक्क्यांच्या खाली आली की काम सुरू. मॉइश्चर मीटर स्वस्त मिळतो, तो घ्या, आणि फांदी मधोमध तोडून आतल्या भागात टोचा, नुसत्या सालीवर टोचून खूश होऊ नका. मीटर नसेल तर फांदी वाकवून बघा, कडकन मोडली पाहिजे, लवत असेल तर अजून थांबा.

पायरी ३: गिऱ्हाईक, भट्टीच्या आधी

इथे जरा वेळ घालवा, कारण बहुतेक लोक इथेच आपटतात. बायोचारचे पैसे चार वाटांनी येतात आणि मी त्यांना ज्या क्रमाने धरतो तो बहुतेकांच्या बरोबर उलटा आहे.

पहिली वाट म्हणजे वाचलेला खर्च. ज्याच्या जमिनीवर तो ढीग पडलाय त्याला तो हलवायला, यंत्रात घालून त्याची चिप म्हणजे छोटे तुकडे करायला किंवा नियम पाळून जाळायला खर्च येतोच. वणव्याचा धोका असलेल्या भागात तर तो ढीग म्हणजे बारूद, आणि मोठे ढीग पेटवले की खालची माती इतकी भाजते की तिथे कित्येक वर्षं नीट काही उगवत नाही. ती कटकट तुम्ही घेताय तर त्याचे पैसे मागा. लाजू नका. सुरुवातीच्या काळात हाच सगळ्यात खात्रीचा पैसा आहे.

दुसरी वाट, उष्णता. सुक्या लाकडातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त ऊर्जा वायूंमधून निघून जाते, कोळशात उरते ती बाकीची. सॉ मिलवाल्याला लाकूड वाळवायला उष्णता लागतेच, नर्सरीवाल्याला थंडीत ग्रीनहाउस तापवायला लागते, म्हणजे भट्टी त्यांच्या दारात बसवली तर भुसाही तिथलाच आणि गिऱ्हाईकही तिथलंच. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहराने हेच मोठ्या प्रमाणावर केलं, बागा-उद्यानांतल्या छाटणीचा बायोचार करायची कल्पना २०१४ मध्ये ब्लूमबर्ग संस्थेने शहरांसाठी घेतलेल्या महापौर स्पर्धेत जिंकली, २०१७ मध्ये पहिला प्लांट सुरू झाला, उष्णता घरं तापवायच्या जाळ्यात गेली आणि बायोचार रस्त्याकडेच्या झाडांच्या खड्ड्यांत. गंमत म्हणजे यात शेतकरी कुठेच नाही.

तिसरी वाट, खुद्द बायोचारची विक्री. सगळ्यांच्या डोळ्यासमोर आधी शेतकरी येतो आणि मला वाटतं मोठ्या पिकाचा शेतकरी हे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक आहे, त्याला एकरी टनांनी लागणार, परवडणारा दर अगदी कमी, आणि फरक लगेच दिसेल याची खात्री नाही. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात जगभरचे प्रयोग एकत्र केले तर उष्ण कटिबंधातल्या आम्लयुक्त, कसहीन मातीत उत्पादन सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं आणि समशीतोष्ण भागात सरासरी काहीच फरक नाही. म्हणजे बायोचार हे टॉनिक नाही, आजारी मातीचं औषध आहे. लाकडाचा बायोचार बहुधा अल्कलीकडे झुकतो, ज्याची माती आधीच तशी आहे त्याच्या गळ्यात मारलात तर तो परत येणार नाही आणि आणखी दहा जणांना सांगेल. त्यापेक्षा कुंड्यांचं मिश्रण करणारे, नर्सऱ्या, कंपोस्ट करणारे, शहरात झाडं लावणारे कंत्राटदार, गोठ्यात-खुराड्यात वास आणि ओल धरायला वापरणारे, पाणी गाळायच्या चरात टाकणारे, यांना थोडा माल लागतो आणि ते दर बरा देतात. काँक्रीट आणि डांबरात मिसळणारेही आहेत, पण त्यांना एकसारखा, बारीक दळलेला आणि भरपूर माल हवा असतो, ते पहिल्या वर्षाचं काम नाही.

चौथी वाट कार्बन क्रेडिटची, ती मुद्दाम शेवटी ठेवलीय.

तर भट्टी घेण्याआधी किमान तीन गिऱ्हाइकांना भेटा, कोणाकडून तरी चार पोती बायोचार आणून त्यांना वापरायला द्या आणि "किती घ्याल, किती वेळा घ्याल, चाळलेला की तसाच" एवढं विचारून लिहून आणा. नुसतं "छान आहे हो" म्हणजे ऑर्डर नव्हे.

पायरी ४: भट्टी कुठली

नवख्याने उघड्या तोंडाची, वरून ज्वाळेचं झाकण राहणारी भट्टी घ्यावी. कोन-टिकी नावाची शंकूच्या आकाराची भट्टी स्वित्झर्लंडच्या इथाका इन्स्टिट्यूटने २०१४ च्या सुमारास लोकांपुढे आणली, डिझाइन खुलं आहे, साधा वेल्डर करून देतो. पत्र्याची गोल कडीही चालते, आणि काहीच नसेल तर जमिनीत शंकूसारखा खड्डा खणूनही काम होतं. तत्त्व सोपंय, वरच्या ज्वाळा हवा खाऊन टाकतात त्यामुळे खालच्या कोळशाला हवा मिळत नाही आणि तो राख होत नाही. याचा उतारा सुक्या लाकडाच्या १५ ते २२ टक्के. रिटॉर्टमध्ये, म्हणजे लाकूड बंद भांड्यात तापवणाऱ्या भट्टीत, तो २५ ते ३० पर्यंत जातो, वायू पकडता येतात, उष्णता विकता येते, पण भांडवल कितीतरी पटीने जास्त आणि चिप एकसारखी लागते. उतारा जास्त म्हणून रिटॉर्टच्या मागे लागू नका, माल फुकट पडलेला असेल तर आठ-दहा टक्के उतारा गेल्याने फारसं बिघडत नाही, मजुरीने मात्र बिघडतं.

भट्टी मालाकडे न्यायची, माल भट्टीकडे नाही. ओल्या फांद्या ट्रकमध्ये भरून पन्नास किलोमीटर नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, कारण तुम्ही पाणी आणि हवाच वाहून नेताय.

पायरी ५: पहिली बॅच

जागा मोकळी करा, आगीची परवानगी काढा, वारं असलेल्या दिवशी करूच नका. पाणी आधी आणून ठेवा, हजार लिटरच्या भट्टीला विझवायला कित्येकशे लिटर लागतं आणि भट्टी पेटल्यावर पाणी शोधायला वेळ नसतो. सुती जाड कपडे, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा.

तळाशी सुक्या काड्यांचा छोटा मनोरा करून वरच्या टोकाला पेटवा, खालून नाही. निखारा धरला की फांद्यांचा एक पातळ थर टाका, त्याच्यावर राखेची पांढरी कडा दिसायला लागली की पुढचा थर, मग परत पुढचा, असं चार-पाच तास. एकदम भाराभर टाकलं तर ज्वाळा दबते आणि धूर सुटतो, फार उशीर केला तर खालचं राख होतं, हा हात दोन-तीन बॅचमध्ये बसतो, वाचून बसत नाही. ज्वाळा स्वच्छ आणि धूर जवळजवळ नाही म्हणजे जमलं. जाड खोडं आधी आणि बारीक शेवटी, कारण जाडाला वेळ लागतो.

मग विझवणं. मी पहिल्यांदा वरून दोन-चार बादल्या ओतल्या, वाफ आली, काळं दिसलं, झालं म्हणून घरी गेलो आणि सकाळी येऊन बघतो तर अर्ध्या भट्टीत पांढरी राख, आतला एक निखारा रात्रभर चरत बसला होता. त्यामुळे पूर्ण बुडेपर्यंत पाणी, मग फावड्याने उलथापालथ, मग परत पाणी. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून स्वतःहूनही तापतो, म्हणून पोत्यात भरायच्या आधी पातळ पसरून किमान एक दिवस नजरेसमोर ठेवा, आणि गोदामात किंवा गाडीत ढिगाच्या मध्यात हात घालून गार आहे का ते बघायची सवय लावा. कोरडा भुगा उडतो तो फुप्फुसात जातो आणि बंद जागेत ठिणगी मिळाली तर भडकतो, म्हणून चाळताना माल किंचित ओला आणि तोंडाला मास्क. बंद शेडमध्ये भट्टी लावायचा विचारही नको, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

पायरी ६: कागदावर हिशोब

समजा जंगलातून उचलण्याजोगा १०० टन ओला माल आहे. निम्मं पाणी गेलं, राहिलं ५० टन सुकं लाकूड. २० टक्के उतारा धरला तर १० टन कोरडा बायोचार. शंभराचे दहा, हे पचायला जड जातं पण इथेच तर वाहतूक वाचते. आता मजुरी. हजार लिटरच्या भट्टीतून एका बॅचला साधारण २०० किलो कोरडा माल निघतो असं धरा, म्हणजे ५० बॅच. दोन माणसं मिळून दिवसाला दोन भट्ट्या चालवत असतील तर २५ दिवस, त्यात ढीग सारखे करणं, पाणी आणणं, चाळणं, पोती भरणं धरलं तर दीड महिना सहज. म्हणजे दोन माणसांची दीड महिन्याची मजुरी, अधिक पाणी, डिझेल, पोती, भट्टीची झीज, ही बेरीज १० टनांनी भागा, तो तुमचा टनामागचा खर्च. आपल्या भागातला मजुरीचा दर घालून आधी हा आकडा काढा. हा आकडा गिऱ्हाइकाच्या दराच्या वर गेला तर पायरी ३ मधली पहिली वाट, म्हणजे ढीग हटवायचे पैसे, मिळाल्याशिवाय धंदा उभाच राहत नाही.

विक्री वजनावर करू नका. पाण्याने विझवलेला बायोचार स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज धरतो, म्हणजे किलोवर विकला तर गिऱ्हाईक म्हणणार पाणी विकलंत, आणि माल वाळला की तुमचंच नुकसान. लिटरवर किंवा घनमीटरवर विका. कोरडा माल घनमीटरला १५० ते ३०० किलो भरतो, त्यामुळे २०० धरले तर आपले १० टन म्हणजे ५० घनमीटर.

आणि कच्चा विकण्यापेक्षा भरून विका. ताजा बायोचार मातीत टाकला की तो आजूबाजूचं नत्र स्वतःकडे ओढून धरतो आणि पहिल्या हंगामात रोपं पिवळी पडू शकतात, मग शिव्या तुम्हालाच. कंपोस्टच्या ढिगात सुरुवातीलाच दहा-एक टक्के मिसळून दोन-तीन महिने मुरू द्या. तेच ५० घनमीटर कंपोस्टमध्ये मिसळून कितीतरी जास्त घनमीटर तयार माल होतो आणि दरही कच्च्या कोळशाचा लागत नाही, तयार मिश्रणाचा लागतो. माझ्या मते छोट्या माणसाचा खरा नफा इथे आहे.

पायरी ७: कार्बन क्रेडिट

एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. आपल्या १० टनांत ८० टक्के कार्बन असेल तर ८ टन कार्बन, म्हणजे २९ टनांच्या आसपास. पण तेवढी क्रेडिटं मिळत नाहीत, काही कार्बन काळाच्या ओघात सुटणार तो वजा, भट्टीतून निघालेला मिथेन वजा, डिझेल वजा, मी हिशोबाला २० च धरतो. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनात बायोचारचा कार्बन मोजायची पद्धत परिशिष्टात आली, त्याच वर्षी फिनलंडमधून प्युरो डॉट अर्थ ही क्रेडिट देणारी संस्था सुरू झाली, २०२२ मध्ये व्हेरा या तशाच दुसऱ्या संस्थेने स्वतःची पद्धत आणली, आणि छोट्या भट्ट्यांसाठी ग्लोबल आर्टिसन सी-सिंक नावाचं वेगळं मानक आहे. सगळ्यांना साधारण हेच हवं असतं, माल कुठला, ओल किती, बॅचची तारीख आणि आकारमान, फोटो, लॅब रिपोर्ट, आणि शेवटी तो कुठल्या मातीत किंवा कशात गेला त्याचा पुरावा, कारण गिऱ्हाइकाने तो शेगडीत जाळला तर क्रेडिट गेलं. लॅबमध्ये मुख्य बघतात ते हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बनचं प्रमाण, ते ०.७ च्या खाली पाहिजे, ०.४ च्या खाली असेल तर उत्तम, शिवाय धुरातून चिकटणारी पीएएच नावाची विषारी द्रव्यं आणि जड धातू.

नोंदणी, तपासणी, ऑडिट हा खर्च माल दहा टन असो की हजार टन, फारसा कमी होत नाही, म्हणून २० क्रेडिटसाठी एकट्याने यात पडणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. दहा-वीस जण मिळून एखाद्या एकत्र करणाऱ्या संस्थेमार्फत जा, आणि तिचा वाटा किती, पैसे कधी, बॅच नापास झाली तर कोणाचं नुकसान हे सही करायच्या आधी वाचा. पण वही मात्र पहिल्या बॅचपासून ठेवा, मागच्या तारखेने क्रेडिट सहसा मिळत नाही आणि नोंदी नसतील तर अजिबातच नाही.

मोठं मशीन कधी

रोज माल येणारी जागा असेल, उष्णता घेणारा शेजारी असेल आणि एका गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा ऑर्डर दिली असेल, हे तिन्ही एकदम जमलं तर रिटॉर्टचं कोटेशन मागवा, आणि कोटेशनमधला उतारा कुठल्या ओलीवर मोजलाय ते आधी विचारा, कारण कंपनीच्या कागदावर लाकूड नेहमीच सुकं असतं. तिन्हीपैकी एक जरी कमी असेल तर मशीनचे व्हिडिओ खुशाल बघा, ॲडव्हान्स देऊ नका.